आकडा न बोलणारा माणूस

आमच्या आप्पांनी कधी मोठ्यानं आकडा सांगितल्याचं मला आठवत नाही. एसटीत कंडक्टरनं "किती?" विचारलं की ते त्याचा हात खांद्यावरच्या रुमालाखाली ओढून घ्यायचे आणि त्याची बोटं दाबायचे. नवा कंडक्टर दचकायचा. जुना हसायचा आणि तेवढी तिकिटं फाडायचा. शाळेत माझं नाव घालताना हेडमास्तरांनी वय विचारलं, तर आप्पा म्हणाले, "दात बघा की तिचे." मास्तरांनी काय लिहिलं कोण जाणे, पण माझी जन्मतारीख अजूनही आधारकार्डावर एक आणि आईच्या सांगण्यात एक अशी आहे.

आप्पा सिन्नरच्या बैलबाजारात दलाल होते. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, मध्ये आप्पा. बैलाची किंमत चारचौघांत बोलायची नाही ही तिथली रीत. हात रुमालाखाली जातात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा दाबला तर पाच. पंजा दोनदा दाबला तर दहा. बोट मध्येच दुमडलं तर अर्धा. हात झटकला म्हणजे पटलं नाही. बघणाऱ्याला फक्त रुमाल हललेला दिसतो, आणि दोघांचे चेहरे दगडासारखे. आप्पांचा चेहरा तर असा की समोरचा माणूस सौदा सोडून त्यांना बरं नाही का, असं विचारायचा.

एवढ्यावर थांबलं असतं तर त्यांना कुणी विक्षिप्त म्हटलं नसतं. पण आप्पांनी ती रीत घरी आणली. मी किती हंडे पाणी भरायचं, धाकट्या भावानं किती पाढे म्हणायचे, आठवड्याला किती वेळा डोक्याला तेल लावून घ्यायचं, सगळं ओट्यावर बसून रुमालाखाली ठरायचं. मला त्यात फार मजा यायची. मी चारला तयार असले तरी दोनापासून सुरू करायची. आप्पा हात झटकायचे, उठून जायचे, दारापर्यंत जाऊन परत यायचे. भावाला मात्र हे सगळं लाजिरवाणं वाटायचं. तो हात मागे लपवून सरळ म्हणायचा, "आप्पा, तोंडानं सांगा ना, मी करतो." आप्पा म्हणायचे, "ह्याला बाजार नाय कळायचा," आणि त्याच्या पाढ्यांचा सौदाही माझ्याशीच करायचे.

आईशी एकदाच असं झालं. जेवताना आप्पांनी तिचा हात रुमालाखाली घेतला. आई म्हणाली, "मला नका शिकवू. भाकऱ्या तीन हायेत. बोटं दाबून चार व्हायच्या नाहीत." त्यानंतर आईशी ते तोंडानं बोलायचे, पण आकडा टाळून. "जरा आणखी," "आता बस," असं.

माणसं पारखायची त्यांची पद्धतही बाजारातलीच. मला बघायला पाहुणे आले, तर आप्पांनी मुलाला शिक्षण विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. म्हणाले, "जरा कोपऱ्यावरनं पान घेऊन येता का?" मुलगा बिचारा उठला. आप्पा दारात उभे राहून त्याची जातानाची चाल बघत होते आणि येतानाची बघत होते. मग पाणी दिलं आणि तो कसा पितो ते बघितलं. रात्री आईला म्हणाले, "चाल सरळ हाय. पाणी एका दमात पितो. नजर थोडी बुजरी हाय, पण ती कामाला लागली की जाती." त्या मुलाशी माझं लग्न झालं. बुजरी नजर अजून गेलेली नाही. बाकीचं सगळं आप्पा म्हणाले तसंच.

सौदा करताना त्यांचा एक नेम होता. बैलाची खोड ते आधी सांगायचे. विकणारा चरफडायचा. "ओ दलाल, तुम्ही आमचे का त्यांचे?" आप्पा शांतपणे म्हणायचे, "मी बैलाचा." मारका असेल तर मारका, बसका असेल तर बसका. मग गिऱ्हाईक निम्म्या मनानं पुढे यायचं आणि आप्पा रुमाल पसरायचे. त्यांनी करून दिलेला सौदा फिरून आला, असं मी तरी ऐकलं नाही.

माझं सगळं उलट. मी सातपूरच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळते. तिथं प्रत्येक नटबोल्टाला नंबर आहे आणि तो नंबर स्पष्ट लिहिलेला असतो. घरीही फ्रिजवर यादी, दाराच्या आत यादी, प्रवासाला निघताना बॅगेच्या झाकणात यादी. आई गेल्यावर आप्पा आमच्याकडे नाशिक रोडला राहायला आले, तेव्हा मी त्यांची यादी केली. औषधं, चष्मा, कानटोपी, रुमाल दोन. आप्पांनी ती बघितली आणि विचारलं, "ह्यात मी कुठं हाय?"

आप्पांचं विसरणं वाढलं तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं. आजार कधी सुरू झाला, हे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तयारी करूनच गेले होते. कागदावर डावीकडे लक्षणं, उजवीकडे केव्हापासून. पण तो कागद माझा मलाच भरता येईना. ते चप्पल दोरीनं पलंगाच्या पायाला बांधून ठेवतात. हे लक्षण का? तर नाही, चप्पल ते पहिल्यापासून बांधतात. शेजारच्या काकांना "सर्ज्या" म्हणतात. तेही पहिल्यापासून. गॅलरीतून खाली येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चालीवर मोठ्यानं मत देतात. पहिल्यापासून. ज्या माणसाचं साधं वागणंच असं, त्याच्यात आजार कुठून सुरू झाला ते कसं सांगणार? सरळ माणसाची वाट चुकली तर दिसते. आप्पा तर आयुष्यभर बांधावरूनच चालले.

डॉक्टर तरुण होते, स्वभावानं चांगले. म्हणाले, "आजोबा, सध्या कोणतं साल चालू आहे?"

आप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला, पसरला आणि हात पुढे केला.

डॉक्टरांना वाटलं हस्तांदोलन. त्यांनी हात दिला. रुमालाखाली काहीतरी बराच वेळ चाललं. "पकड छान आहे हो," डॉक्टर म्हणाले. "आता शंभरातून सात वजा करा बरं."

आप्पांनी हात झटकला.

मी म्हटलं, "डॉक्टर, ते आकडा तोंडानं सांगत नाहीत."

"हे केव्हापासून?"

"मला कळतंय तेव्हापासून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पुढे स्कॅन झालं, निदान झालं, कागदावर नाव आलं. रिक्षात बसताना आप्पा मला म्हणाले, "माणूस बरा हाय, पण गिऱ्हाईक कच्चं."

पहिली काही वर्षं आम्ही चांगली काढली. मग एका सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आरडाओरडा झाला. मी खाली गेले तर अर्ध्या स्कूटर जोडीनं बांधलेल्या. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या, एका रंगाच्या, एका उंचीच्या दोन दोन गाड्या घेऊन आप्पांनी हँडलला हँडल बांधलं होतं. दोरी आमचीच, गॅलरीतली कपडे वाळत घालायची. लोक कामावर निघालेले, कुणाला गाठ सुटेना. एक जण कात्री आणायला पळाला. आप्पा एका कठड्यावर बसून सगळं बघत होते, बाजार भरल्यावर माणूस बघतो तसे.

चेअरमनसाहेबांची गाडी मोकळ्या राहिलेल्यांत होती. तरी सर्वांत जास्त तेच चिडले होते. "अहो ताई, हे काय आहे? आमची गाडी का सोडली मग?"

प्रश्न मला होता, उत्तर आप्पांनी दिलं. "तिला खोड हाय. डावीकडं कलती." स्टँडवर होती, म्हणून कलली होती. "जोडीला नाय चालायची."

दोघं-तिघं हसले. चेअरमन हसले नाहीत. मी म्हटलं, "आप्पा, सोडा आता. बाजार उठला." आप्पा उठले आणि एकेका गाठीचं टोक ओढत गेले. प्रत्येक गाठ एका ओढीत सुटली. सगळ्यांना कामावर जाऊ दिलं आणि वर येऊन झोपले.

त्या संध्याकाळी माझा भाऊ आला. तो पिंपळगाव बसवंतला एका कोल्ड स्टोरेजमध्ये मॅनेजर आहे. द्राक्षांचा हंगाम असला की त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो, तरी तो आला. बसला आणि म्हणाला, "ताई, आज गाड्या बांधल्या. उद्या गॅस चालू ठेवतील. हायवेला एक चांगलं केंद्र आहे. नर्स आहेत, आवार आहे. मी बघून आलोय."

मी म्हटलं, "इथं काय कमी आहे?"

"तू कमी आहेस. तू दिवसभर सातपूरला असतेस, दाजी त्यांच्या कामावर."

"सांभाळायला मावशी ठेवल्यात ना दिवसा."

"मावशींना ते हात लावू देतात का? खरं सांग."

देत नव्हते. मला तरी कुठं देत होते? आप्पांना आता मी कोण ते कळत नव्हतं. कुणी परकी बाई अंघोळीला बोलावते म्हटल्यावर ते लाजेनं लाल व्हायचे आणि लाजेचा राग व्हायचा. खाणं तर सुटतच चाललं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन असंच उतरत गेलं तर नळी घालावी लागेल. आणि नळी घातली तर घरी जमणार नाही, हे मलाही दिसत होतं. भाऊ जाताना म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू. खायला लागले तर राहू दे. नाहीतर मी घेऊन जातो." तो दुष्टपणे बोलला नाही. पण "घेऊन जातो" हा शब्द मला सारखा टोचत राहिला. मला आप्पांना घरातून जाऊ द्यायचं नव्हतं.

मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. फ्रिजवर तक्ता. सकाळी नाचणीची पेज, मग फळ, मग मऊ भात-वरण, मग दूध. खाल्लं तर खूण. आठवड्याच्या शेवटी तक्त्यावर खुणा अगदी तुरळक. आप्पा ओठ मिटून बसायचे. समजावलं, दरडावलं, टीव्ही लावला. मावशींनी गाणं म्हणून बघितलं. आप्पा म्हणाले, "बाई, गळा बरा हाय," आणि ओठ पुन्हा मिटले.

एका रविवारी मी वरणभाताची वाटी घेऊन त्यांच्या शेजारी बसले होते. दमले होते. सांडायला नको म्हणून त्यांच्या मांडीवर नॅपकिन टाकलेला. मी वाटी मध्ये ठेवली आणि समजावणं सोडून दिलं. थोड्या वेळानं आप्पांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"कुठले पाव्हणे?"

"नाशिक रोडचे," मी म्हटलं.

"लांबनं आलात."

मग त्यांनी माझा हात नॅपकिनखाली घेतला आणि माझी दोन बोटं दाबली.

वाटी आमच्या मध्ये होती. दोन म्हणजे काय, ते मला कळलं. मी पंजा दाबला, परत दाबला. आप्पांनी हात झटकला. बरोबरच होतं, मी फार चढवला होता. मी उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. आप्पांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण हात तिथंच होता. त्यांनी तीन दाबली. मी सात. ते चार. शेवटी पाचावर आलो आणि त्यांनी अंगठा घट्ट धरला, म्हणजे ठरलं.

त्यांनी पाच घास खाल्ले. स्वच्छ, कुरकुर न करता. सहावा पुढे केला तर म्हणाले, "पाव्हणं, सौदा झाला की."

मी स्वयंपाकघरात गेले. मग तक्त्यावर खूण केली.

तिथून पुढे सगळं रुमालाखाली. अंघोळ किती तांब्यांची, गॅलरीत किती फेऱ्या, औषधाच्या किती गोळ्या. गोळ्यांना ते फार ताणायचे. मावशींनाही मी बोटं शिकवली. त्या पहिल्या दिवशी हसून बेजार झाल्या, पण महिनाभरात माझ्यापेक्षा चांगला भाव पाडायला लागल्या. मी एकदा चमचा मोठा घेतला. पहिलाच घास तोंडात गेला आणि आप्पा थांबले. "माप बदललं," म्हणाले. मी निमूट जुना चमचा आणला.

तो काळ मला फार आवडला. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण आजारी वडिलांच्या शुश्रूषेचा काळ आवडला असं म्हणायची पद्धत नाही. पण ओट्यावर बसून पाण्याच्या हंड्यांचा सौदा करणारे आप्पा मला परत मिळाले होते. मी त्यांची मुलगी नव्हते, लांबून आलेला पाहुणा होते, एवढाच फरक. पाहुण्याला ते अहोजाहो करायचे. मुलीला आयुष्यात कधी केलं नव्हतं.

दिवाळी जवळ आली तसा भाऊ आला. केंद्रात जागा मिळाली होती. मी त्याला तक्ता दाखवला. तो म्हणाला, "ताई, हे आज चाललंय. रोज चालेल का? तू अशी किती दिवस करणार?" मला राग आला, आणि त्याचं बरोबर आहे हेही कळत होतं. माझा आवाज चढला. त्याचाही चढला.

"पाव्हणं," आप्पा आतून म्हणाले, "भांडू नका. बसा हितं."

भाऊ त्यांच्या शेजारी बसला. आप्पांनी रुमाल पसरला आणि त्याचा हात आत घेतला. भाऊ माझ्याकडे बघायला लागला. त्याला हे कधीच येत नव्हतं, त्यानं शिकायचं नाकारलं होतं. रुमाल हलत होता. थांबत होता. पुन्हा हलत होता. भावाचा हात अवघडला असेल, पण त्यानं काढला नाही. चहा गार झाला. बाहेर कुणीतरी गाडी लावली, लिफ्टचं दार वाजलं, तरी आप्पांचा हात सुटेना.

नंतर गॅलरीत मी विचारलं, "काय म्हणत होते?"

"काय माहीत," तो म्हणाला. "मला कुठं येतं ते." मग त्यानं विचारलं, "ताई, त्यांनी माझा हात कधी धरला होता का गं? शाळेत सोडतानासुद्धा?"

मला आठवेना. मी खोटं सांगितलं नाही.

तो नाक पुसून म्हणाला, "राहू दे इथंच. शनिवार-रविवार मी येत जाईन. तू झोप काढ तेवढी." आणि खरंच येत गेला. हंगामातसुद्धा, उशिरा का होईना, यायचा. मावशींकडून बोटं शिकला. त्याला आप्पा सौद्यात हमखास लुटायचे आणि तो लुटू द्यायचा.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग हळूहळू आप्पांचं बोलणं गेलं. "पाव्हणं" हा शब्द सर्वांत शेवटी गेला. चालणं गेलं. बोटं मात्र होती. मावशी म्हणायच्या, "बाजार चालू आहे अजून." आम्हाला तेवढं पुरत होतं.

त्या हिवाळ्यात एका सकाळी मी पेजेची वाटी घेऊन बसले, रुमाल टाकला, हात आत घातला. आप्पांची बोटं आली नाहीत. हात मऊ, गरम, नुसता पडलेला. मी पंजा दाबला आणि वाट बघितली. त्यांनी झटकला नाही. मी चमचा पुढे केला, त्यांनी तोंड उघडलं. पुढचा दिला, तोही घेतला. वाटी संपली.

दुपारीही संपली. रात्रीही. मावशी खुश झाल्या. आठवड्यानं वजन केलं तर थोडं वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, "छान. आता नळीचा विषय नको." भावाला फोन केला तर तो म्हणाला, "बरं झालं ना ताई, तुला हेच हवं होतं." हेच हवं होतं. तक्त्यावर एकही चौकट रिकामी नव्हती.

रविवारी भाऊ यायच्या आधी मी दुसऱ्यांदा वाटी भरून घेतली. पोट भरलेलं होतं, मला माहीत होतं. रुमालाखाली मी पंजा दाबला, परत दाबला, दाबतच राहिले. कुठलाही दलाल उठून निघून जाईल असा भाव लावला. आप्पांनी तोंड उघडलं.

मी चमचा हवेतच धरला. "आप्पा," मी म्हटलं, "परवडत नाही म्हणा. हात झटका ना."

ते माझ्याकडे बघत राहिले. नजर शांत होती, कसलीच तक्रार नव्हती. घास कधी येतो याची वाट बघत ते तोंड तसंच उघडं ठेवून बसले होते. मी वाटी खाली ठेवली, आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन भाऊ येईपर्यंत तशीच बसले.